काजळीबाईने धूर जाळला

गल्लीत तिला सगळे काजळीबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं होतं असं नाही. बाई लोकांची धुराडी साफ करायची, आणि संध्याकाळी परतायची तेव्हा कपाळापासून कोपरापर्यंत इतकी काळी असायची की नुसते डोळे आणि दात तेवढे घरी येताहेत असं वाटे. तिला या नावाचा राग नव्हता. उलट कुणी अदबीने खऱ्या नावाने हाक मारली, तर हीच मागे वळून बघायची, आणखी कोण आलंय म्हणून.

धंदा बापाचा. लांब दांड्याचे ब्रश, दोरीला बांधलेलं लोखंडी वजन आणि एक पोतं, एवढा तिचा संसार खांद्यावर मावायचा. धुराड्यात हात घातला की त्या घराचं सगळं गुपित तिला कळे. डांबरासारखी चकचकीत काजळी म्हणजे ओली लाकडं. मध्ये रंगाचे पापुद्रे दिसले की मोडक्या खुर्च्या जाळल्यात. एका घरी तर तिने काजळीचे थर निरखून सरळ विचारलं होतं, "तुम्हा दोघांचं पटत नाही का हो? एक जण चुलीची झडप उघडतो आणि दुसरा बंद करतो." नवरा-बायको दोघंही जमिनीकडे बघायला लागले.

तिचं स्वतःचं घर अरुंद आणि उभं, दोन मजल्यांचं. खाली ती, वर तिची थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही आता नव्हते. भावांनी मागे ठेवलेला लाकडी जिना मात्र होता, आणि दोघींचं सगळं बोलणं त्या जिन्यातून चाले. समोरासमोर बसून बोलायची त्यांना सवयच नव्हती. थोरली खिडकीशी मशीन लावून शाळेचे पांढरे सदरे शिवायची. सदरा पुरा होईपर्यंत त्याच्या कॉलरवर काळे ठिपके बसत, आणि मग जिन्यातून आवाज येई.

"अगं धाकटे, चुलीत आज जुने जोडे घातलेस का?"

"तुमचे सापडले नाहीत जाऊबाई, म्हणून लाकडंच घातली!"

याला त्या घरात गप्पा म्हणत.

घरात चूल एकच, खालची, लोखंडी. तिचा पाइप वरच्या खोलीतून जाऊन थोरलीच्या खिडकीच्या जरा वर बाहेर पडायचा. गाव डोंगरांच्या मध्ये वाटीच्या तळाशी बसल्यासारखं. थंडीत वारा पडायचा आणि चुलींचा धूर गल्लीतच मुक्काम ठोकायचा. विजेचा भरवसा नव्हता, गॅस इतक्या वर डोंगरात पोचत नव्हता, लाकूड मात्र दारात होतं. सकाळी काजळीबाई चूल पेटवायची, थोड्या वेळाने वरून खोकला सुरू व्हायचा. खिडकीबाहेर धूर दिसला की थोरलीला कळे, धाकटी उठली. खोकला ऐकू आला की धाकटीला कळे, थोरली उठली. एकमेकींची खबर घ्यायची हीच रीत पडून गेली होती. तिच्यात काही वावगं आहे असं दोघींपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी खोकला खोकल्यासारखा राहिला नाही. थोरली जिना चढताना मध्येच बसायला लागली. डॉक्टरीणबाई घरी आल्या, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि खाली उतरून काजळीबाईला म्हणाल्या, "या धुरात यांनी आणखी एक थंडी काढायची नाही. काढली, तर पुढची बघतील असं मी सांगू शकत नाही."

"मग चूल पेटवायची नाही का?"

"न पेटवता वर गारठा किती असतो?"

 पेटवली तर गुदमरणार आणि नाही पेटवली तर गारठणार, यात बोलण्यासारखं काय होतं?

थोरलीचा मुलगा खाली सपाटीवरच्या शहरात राहायचा. चांगला मुलगा. त्याने ताबडतोब कळवलं, पहिला कडाका पडला की येतो आणि आईला कायमची घेऊन जातो. काजळीबाई जिन्यातून ओरडली, "बरं झालं! निदान डोक्यावरची खडखड तरी थांबेल." वर मशीन आणखी जोरात खडखडायला लागली. मग काजळीबाई तिथेच पहिल्या पायरीवर बसली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ती खडखड डोक्यावर होती. ती थांबल्यावर हे घर कसं वाटेल, याचा विचार तिने सुरू केला आणि अर्ध्यात सोडून दिला. खरं सांगायचं तर ती घाबरली होती.

आता धुराडी साफ करणारं माणूस धुरावर उपाय काय शोधणार? धुराडं उंच करणार. तिने तेच केलं. आपल्या पाइपला वर आणखी पाइप जोडला आणि खिडकीपासून धूर लांब पाठवला. तो गेला थेट समोरच्या शिक्षकांच्या गच्चीत. शिक्षक तोंडाने काही बोलले नाहीत, पण आठवड्याभरात त्यांचं धुराडं काजळीबाईच्या धुराड्याहून हातभर उंच झालं. मग शेजारच्या न्हाव्याचं. मग कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं, ज्याने तर असा पाइप चढवला की त्याला चारी बाजूंनी तारांनी बांधून ठेवावं लागलं. बघता बघता गल्लीतली सगळी धुराडी टाचा उंचावून उभी राहिली. आणि पहिल्या गार सकाळी सगळ्यांचा धूर त्या उंचीवरून शांतपणे खाली आला आणि नेहमीच्या जागी येऊन बसला. आपापला खर्च करून सगळे होते तिथेच होते. काजळीबाईने कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी तेवढीच एक स्वच्छ जागा उरली होती, तीही काळी झाली.

त्याच दिवशी तिच्या हातून पोतं सांडलं. बेकरीवाल्याकडची काजळी भरून आणली होती, ती चुलीसमोर ओतली गेली आणि त्यातली मूठभर उडून निखाऱ्यांवर पडली. काजळीबाई शिव्या देत झाडू शोधायला वळली, आणि मागे उजेड झाला. तिने पाहिलं तर काजळी पेटली होती. धूर न करता, लाल होऊन, मग पिवळी होऊन, चांगली आच देत जळत होती.

धुराड्यात आग लागते हे तिला काय नवीन होतं? आग लागू नये म्हणून तर लोक तिला बोलवत. पण आजवर काजळीला तिने घाण म्हणून पाहिलं होतं. आता ती उकिडवी बसून एकेक चिमूट निखाऱ्यावर टाकत राहिली, आणि प्रत्येक चिमूट जळताना पाहत राहिली. ही घाण नव्हती. हे लाकूडच होतं. चुलीतून न जळता निसटलेलं लाकूड. बापाने आणि तिने मिळून जन्मभर जी पोती भरभरून गावाबाहेर टाकली, ती जळण होती. आणि जे वरच्या खोलीत जाऊन तिच्या जावेच्या छातीत बसलं होतं, तेही जळणच.  धूर घालवायला कुठे पाठवायची गरजच नव्हती. तो घरातच जाळायचा होता.

हे कळायला एक क्षण लागला आणि करायला उरलेला सगळा ऋतू. पहिली चूल तिने मातीची केली, भिंती चांगल्या वीतभर जाड, उष्णता आत कोंडली जावी म्हणून. ती इतकी धुमसली की न्हावी साबणाचा फेस लावलेलं गिऱ्हाईक सोडून पळत आला. जाड भिंती उष्णता कोंडत नव्हत्या, स्वतःच पीत होत्या, आणि बिचारा जाळ थंडच राहत होता. काजळीबाईने चूल फोडली. मग तिला आठवलं की रात्री निखारा जिवंत ठेवायचा तर आपण तो मातीत नाही, राखेत पुरतो. राख हलकी, ती उष्णता घेत नाही, नुसती धरून ठेवते. आणि राखेची ददात तिला या जन्मात तरी नव्हती.

ती गेली झारीवाल्याकडे. हा पत्र्याचं काम करणारा म्हातारा. बागेच्या झाऱ्या आणि चाळण्या बनवायचा, कमी ऐकायचा आणि जास्त बोलायचा. तिने त्याला सांगितलं, पत्र्याचे दोन डबे कर, एकात एक बसणारे. मधल्या जागेत मी राख भरीन. त्याने केले. पण आतल्या डब्याला त्याने झाऱ्यांसाठी आणलेला पत्रा वापरला, आणि त्याच्या वरच्या कडेला हाताच्या सवयीने भोकांची ओळ पाडून ठेवली.

"अहो काका, भोकं कशाला? राख गळेल ना आत!"

"झारीला भोकं नकोत?"

"झारी नाहीये ही! चूल आहे!"

"मग आधी नाही का सांगायचं?" काका म्हणाले. त्यांना आधी सांगितलं होतं, मग सांगितलं होतं, आणि मध्येही सांगितलं होतं.

पत्रा टाकून द्यायचं जिवावर आलं. काजळीबाईने तोडगा काढला: भोकांच्या डब्याभोवती बोटभर अंतर सोडून आणखी एक साधा डबा, आणि राख त्याच्या बाहेर. राखेचा तळ तिने बंद केला, पण मधला डबा आणि बाहेरचा, दोन्ही खाली जरा आखूड पडले, म्हणून तळाशी फट राहिली. तिने मान हलवली. म्हटलं, असू दे, आता काय करायचं? इकडे थंडी दाराशी आली होती. मुलाचा निरोप आला होता, उद्या दुपारी पोचतो. वर थोरलीने बॅग भरून ठेवली होती आणि मशीनवर चादर घातली होती. संध्याकाळभर ती खडखड नव्हती. काजळीबाईला जेवण गेलं नाही.

सकाळी उजाडायच्या सुमाराला तिने नव्या चुलीत बारीक फोडलेली लाकडं रचली आणि काडी लावली. सुरुवातीला धूर झाला, कुठल्याही चुलीला होतो तसा. तिने हात टेकले. म्हणाली, झालं, संपलं. आणि मग पत्रा तापला.

आधी आवाज बदलला. चुलीतून हळूच एक घुमणारा सूर निघाला, लांबून वारा येतो आहे असा. तिने झाकण सारून आत डोकावून पाहिलं, आणि तिचा हात झाकणावरच राहिला. लाकडं खाली होती. ज्वाळा वर होत्या. वरच्या त्या भोकांतून, जिथे लाकूडच काय काडीसुद्धा नव्हती, तिथून ज्वाळांची एक ओळ आत वाकून नाचत होती, एकेका भोकाला एकेक फूल. तळाच्या फटीतून शिरलेली हवा दोन पत्र्यांमधून तापत वर चढत होती, भोकांतून आत येत होती, आणि खालून येणारा धूर तिला भेटताच पेटत होता. तिच्या डोळ्यांसमोर धूर जळत होता. करडा धूर त्या ओळीपर्यंत येई आणि पलीकडे नसे. पलीकडे नुसता उजेड होता.

काजळीबाईने जन्मात इतका विस्तव पाहिला होता, पण असा नाही. ती मटकन खाली बसली. हात जोडावेत की हसावं हे तिला कळेना, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं नव्हे, कारण धूर नव्हताच. झारीवाल्या काकांना चूल आणि झारी यांतला फरक कळला असता तर हे झालं नसतं. आपल्याला पत्रा टाकवला असता तर हे झालं नसतं. इतक्या चुका नीट रांगेत उभ्या राहून असं काही देऊन जातात, हे पाहून ती अगदी लहान झाली.

तिकडे वर थोरली जागी होती. प्रवासाचा दिवस, झोप लागली नव्हती. सवयीने तिने खिडकीबाहेर पाहिलं. शिक्षकांच्या धुराड्यातून धूर, न्हाव्याच्या धुराड्यातून धूर. आपल्या धुराड्यातून काही नाही. तिने वाट पाहिली. उजाडलं, तरी काही नाही. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. आजारी असली तरी धाकटी चूल पेटवायची. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिने पेटवली होती.

"धाकटे!" तिने जिन्यातून हाक मारली. उत्तर नाही. चुलीच्या त्या घुमणाऱ्या सुरात खाली काही ऐकूच येत नव्हतं.

कित्येक आठवडे खाली न उतरलेली थोरली त्या सकाळी कठडा धरून धडधडत खाली आली. मध्ये बसली नाही, थांबली नाही. शेवटच्या पायरीवर पाहते तो धाकटी जमिनीवर बसलेली, गालांवरून पाणी वाहतंय, आणि तोंड उघडं.

"मेली नाहीस?" थोरली धापा टाकत म्हणाली. "मग धूर का नाही गं तुझा? माझा जीव घेतेस का? किती घाबरले मी! उत्तर द्यायला काय झालं होतं?"

"जाऊबाई," काजळीबाई म्हणाली, "इकडे या. हे बघा."

थोरलीने वाकून पाहिलं. पाहतच राहिली. मग तिने हळूच काजळीबाईच्या खांद्यावर हात टेकला आणि शेजारी जमिनीवर बसली. त्या घरात त्या दोघी एका जागी बसल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. थोरलीने विचारलं, "कुठे जातोय गं तो धूर?"

"जात नाहीये. जळतोय."

दोघी बाहेर अंगणात आल्या. धुराड्याच्या तोंडावर आभाळ नुसतं थरथरत होतं, कडक उन्हात तापलेल्या रस्त्यावर थरथरतं तसं. बाकी काही नव्हतं. थोरलीने मोठा श्वास घेऊन पाहिला, खोकली, आणि पुन्हा घेऊन पाहिला.

दुपारी मुलगा आला तेव्हा आई खाली चुलीपाशी बसून सदऱ्याला बटणं लावत होती. "आई, बॅग कुठे आहे?" त्याने विचारलं. थोरली म्हणाली, "वर आहे. पण मी नाही येत इतक्यात. हिची चूल कधी बिघडेल सांगता येत नाही, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं." मुलाने काकूकडे पाहिलं. काकूने छताकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई आल्या, चुलीत डोकावल्या, वरच्या खोलीत जाऊन नाकाने दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "एक महिना बघू." त्या निघाल्या, आणि परत येऊन आणखी एकदा चुलीत डोकावल्या.

ती थंडी थोरलीने काढली. सोपी नव्हती, गल्लीत बाकीच्यांचा धूर होताच. पण लोकांचं काय, आधी ते काजळीबाईचं बिनधुराचं धुराडं बघून कुजबुजले, मग चूल बघायला आले, मग तोंडात बोटं घालून उभे राहिले, आणि मग लाकूड निम्म्याने कमी लागतं हे कळल्यावर रांगेत उभे राहिले. झारीवाले काका आता चुलीला भोकं पाडायची कल्पना आपलीच होती असं सांगत फिरत. काजळीबाईने एकदाही नाही म्हटलं नाही. पुढच्या थंडीपर्यंत निम्म्याहून जास्त गल्लीत नव्या चुली बसल्या, आणि उंच केलेली धुराडी एकामागून एक खाली उतरली. तिचे ब्रश भिंतीला टांगलेले राहू लागले. स्वतःच्या धुराड्यात तिने एकदा हात घातला तर चिमूटभर करडी पूड निघाली. तिने ती थोरलीला नेऊन दाखवली.

"म्हणजे आता तुझा धंदा बुडाला," थोरली म्हणाली.

"बुडाला."

"चुली बसव मग. नाहीतरी तुला बघायला आवडतंच." आणि खरंच होतं ते. प्रत्येक नव्या घरी पहिल्यांदा चूल पेटली की घरची माणसं ज्वाळांकडे बघत आणि काजळीबाई त्यांच्या तोंडांकडे.

आणि मग त्या दुसऱ्या थंडीतली ती सकाळ. काजळीबाईने चूल पेटवली, सूर घुमायला लागला, तिने चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने कान वर लावले. खोकला गेल्या वर्षभरात कमी कमी होत गेला होता, पण रोज सकाळी निदान एक उबळ तरी यायचीच. आज आली नाही. आधण उकळलं, तरी नाही. तिने भांडं मुद्दाम आपटलं. वर काही नाही.

"जाऊबाई?"

काही नाही.

 चहा तसाच टाकून ती जिन्यावर धावली, दोन-दोन पायऱ्या ओलांडत, घसरली, गुडघा फुटला, उठली. खोलीचं दार लोटलं. खिडकीतून उजेड आत आला होता. मशीनवर स्वच्छ पांढरे सदरे घडी घालून ठेवलेले. आणि थोरली कुशीवर निजली होती, तोंड जरा उघडं, हात उशीखाली. काजळीबाई तिच्या तोंडाजवळ वाकली. कान लावला. श्वास जात होता आणि येत होता. घरघर नाही, शिट्टी नाही, अडखळणं नाही. आत, बाहेर, पुन्हा आत. इतक्या वर्षांत तिने जावेचा खोकला ऐकला होता, ओरडणं ऐकलं होतं, मशीन ऐकली होती. तिचा श्वास तिने आज पहिल्यांदा ऐकला. ती गुडघ्यातून वाहणारं रक्त विसरून तिथेच ऐकत उभी राहिली.

थोरलीने डोळे उघडले. "काय गं? चूल विझली का?"

"नाही."

"मग अशी का उभी आहेस? रडतेस का?"

"तुम्ही आज खोकलाच नाहीत," काजळीबाई म्हणाली.

 थोरली उशीवरून जरा मागे सरकली आणि तिने पलंगाच्या कडेला जागा करून दिली.

"बस," ती म्हणाली. "आणि उद्यापासून उठलीस की वर येऊन सांगत जा."